जुन्या मागाच्या कार्डावरील गॅल चिप आणि नव्या कामासाठी सीपीएलडी : प्रोग्रॅमिंगची कोणती पद्धत घ्यावी?

उद्यमनगरकर

नमस्कार. शिवाजी उद्यमनगरात माझी यंत्रांची नियंत्रण कार्डे दुरुस्त करण्याची छोटी कार्यशाळा आहे. इचलकरंजीच्या एका कारखान्यात युरोपातून वापरलेल्या स्थितीत आणलेले चार रॅपिअर माग आहेत आणि त्यांपैकी एकाचे मुख्य कार्ड जूनमधल्या विजांच्या पावसात बंद पडले. वीजपुरवठ्याचा भाग आणि जळालेले ऑप्टोकपलर मी बदलले, मायक्रोप्रोसेसरला क्लॉक मिळतो आहे हे ऑसिलोस्कोपवर पाहिले, आणि ईप्रॉममधला (यंत्राचा प्रोग्रॅम साठवणाऱ्या चिपेतला) मजकूर शेजारच्या मागाच्या चांगल्या कार्डाशी ताडून पाहिला, तो तंतोतंत जुळतो. मात्र कार्डावरच्या दोन गॅल१६व्ही८ (आपल्याला हवा तो तर्क लिहून भरता येणाऱ्या छोट्या) चिपांपैकी एक बोट ठेवता येणार नाही इतकी तापते आणि तिच्या एकाही आउटपुटवर हालचाल नाही.

एका स्नेह्याकडून प्रोग्रॅमर (चिप वाचण्या-लिहिण्याचे यंत्र) आणून त्याच कार्डावरची दुसरी गॅल वाचून पाहिली, तर सगळ्या जागी एकच अंक आला. चिप रिकामी आहे, कुलूपबंद आहे, की प्रोग्रॅमरच तिला नीट वाचत नाही, हे मला ठरवता आले नाही.

माझे प्रश्न असे. जुन्या गॅलसाठी कोणत्या प्रकारचा प्रोग्रॅमर घ्यावा? बाजारात नवी गॅल मिळत नसेल तर तिच्या जागी काय बसवावे? आणि गिऱ्हाइकाला पुढे एक नवे छोटे इंटरलॉक कार्ड (ठरलेल्या अटी पूर्ण झाल्याशिवाय यंत्र चालू न देणारे) करून हवे आहे, त्यासाठी सीपीएलडी (गॅलसारखीच पण मोठी चिप) वापरायची झाल्यास ती सॉकेटमध्ये प्रोग्रॅम करावी की कार्डावर बसवल्यानंतर? माग बंद असल्याने कारखानदाराचे रोजचे नुकसान होत आहे, म्हणून अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहावे ही विनंती.

कागलकर

उद्यमनगरकर साहेब, खरेदीच्या आधी एक काम करावे असे मी आग्रहाने सांगतो. उरलेल्या तीन मागांची कार्डे चांगली आहेत तोवर त्यांच्यावरच्या सर्व गॅल वाचून फाइली जतन करून ठेवाव्यात. गॅलमध्ये तर्काची मांडणी विद्युत् प्रभाराच्या रूपाने साठवलेली असते, आणि त्या बनवणाऱ्या लॅटिस कंपनीने या चिपांसाठी दिलेली हमी २० वर्षे माहिती टिकण्याची व १०० वेळा पुसून लिहिण्याची होती. आपले माग नव्वदच्या दशकातले असतील तर ही मुदत केव्हाच उलटून गेली आहे. हमी संपली म्हणजे चिप लगेच विसरेल असे मुळीच नाही, पण एका कार्डाबरोबर उरलेल्या तीन मागांचीही माहिती कधीतरी हातची जाईल हा धोका कशाला पत्करायचा?

आता पद्धतींविषयी. कोणती पद्धत घ्यायची हे आपल्या आवडीवर अवलंबून नसते. चिपेच्या आत माहिती कशात साठवली जाते आणि तिथपर्यंत पोहोचायची वाट कोणती आहे, यावर ते ठरते. १९७८ मध्ये मोनोलिथिक मेमरीज या कंपनीने आणलेल्या, गॅलच्या आधीच्या पॅल चिपांमध्ये धातूचे बारीक फ्यूज खरोखर जाळावे लागत, त्यामुळे एकदा केलेली चूक पुन्हा दुरुस्त होत नसे. अल्टेरा कंपनीच्या सुरुवातीच्या चिपांना काचेची खिडकी असे आणि त्या अतिनील किरणांखाली पुसाव्या लागत. अशी चिप जुन्या कार्डावर आढळली तर तिच्यावरची चिकटपट्टी काढू नये. १९८५ साली लॅटिसने गॅल आणली तेव्हा पुसण्यासाठी दिवा लागणे बंद झाले, कारण संपूर्ण चिप विजेने १०० मिलिसेकंदांच्या आत पुसली जाते. तरीही लिहिण्यासाठी एका पिनवर ५ व्होल्टपेक्षा बराच जास्त, आणि उत्पादकाप्रमाणे वेगळा, व्होल्टेज द्यावा लागतो. म्हणूनच गॅल कार्डावर बसलेली असताना प्रोग्रॅम करण्याचा प्रयत्न करू नये. तो वाढीव व्होल्टेज शेजारच्या चिपांपर्यंत पोहोचून त्यांना मारू शकतो. चिप काढायची, झिफ सॉकेटमध्ये (जोर न लावता चिप काढता-घालता येणाऱ्या सॉकेटमध्ये) ठेवायची, वाचायची किंवा लिहायची आणि परत बसवायची, हाच तिचा मार्ग आहे.

प्रोग्रॅमर घेताना जाहिरातीत गॅल चालते असे लिहिले आहे एवढ्यावर विसंबू नका. सॉफ्टवेअरमधली चिपांची यादी उघडून उत्पादकाचे नाव आणि क्रमांकाच्या शेवटचे अक्षर या दोन्ही गोष्टी जुळतात का ते पाहावे. लॅटिसची १६व्ही८बी, १६व्ही८डी, नॅशनलची १६व्ही८ आणि एटमेलची एटीएफ१६व्ही८ यांचे पाय व फाइल सारखी असली तरी लिहिण्याच्या पद्धती सारख्या नाहीत. चुकीचा उत्पादक निवडून वाचल्यासही सगळीकडे एकच अंक दिसू शकतो, आणि आपल्या बाबतीत तसे झाले आहे का हे आधी तपासावे. आपल्याला एक्सजीक्यूच्या टी४८ सारखा यूएसबी प्रोग्रॅमर काही हजार रुपयांत पुरेल. ज्याला स्वतः जोडणी करायची हौस आहे त्याच्यासाठी आर्डुइनोवर आधारलेला आफ्टरबर्नर नावाचा मुक्त प्रकल्पही आहे आणि तो गॅलसाठी चांगला आहे, पण गिऱ्हाइकाचा माग बंद असताना तो प्रयोग करू नये असे माझे मत आहे.

बदली चिपेसाठी मायक्रोचिपची एटीएफ१६व्ही८बी घ्यावी. लॅटिसने गॅलचे उत्पादन केव्हाच थांबवले आहे आणि जुन्या गॅलच्या नावाने जे मिळते त्यात कार्डावरून उपटून, घासून, नव्याने छापलेल्या चिपा पुष्कळ असतात. क्रमांकानंतरचा आकडा नॅनोसेकंदांतला विलंब सांगतो. मूळ चिपेवर १५ असेल तर १५ किंवा त्याहून कमी आकड्याची घ्यावी.

एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. सिक्युरिटी बिट लावलेली गॅल वाचता येत नाही, परंतु तिच्यातला ६४ बिटांचा स्वाक्षरीचा भाग कुलूप असले तरी वाचता येतो. १६व्ही८ च्या जेडेक फाइलमध्ये (चिपेत भरायची मांडणी ज्या फाइलमध्ये असते तिच्यात) एकूण २१९४ फ्यूज, म्हणजे इथे बिट, असतात. त्यांतले २०४८ तर्काच्या जाळ्याचे, ६४ या स्वाक्षरीचे आणि उरलेले मॅक्रोसेलची (प्रत्येक आउटपुटमागच्या भागाची) रचना ठरवणारे. स्वाक्षरीत काही अक्षरे दिसली आणि बाकी सर्व एकसारखे असले, तर आपला प्रोग्रॅमर बरोबर वाचतो आहे आणि चिप कुलूपबंद आहे असे समजावे.

उद्यमनगरकर

कागलकर साहेब, आपले आभार. कारखानदारांनी रविवारी तिन्ही माग थांबवू दिले. सर्व सहा चिपा सॉकेटवर होत्या, त्यामुळे डिसोल्डर करावे लागले नाही. पहिल्या जागेची गॅल तिन्ही कार्डांवर व्यवस्थित वाचली गेली आणि तिन्ही फाइलींची फ्यूज बेरीज (सर्व बिटांवरून काढलेला ताळ्याचा आकडा) एकच आली. दुसऱ्या जागेची, म्हणजे माझ्याकडे जी तापते तिची जोडीदार, तिन्हीकडे कुलूपबंद आहे; स्वाक्षरीत मात्र तीच पाच अक्षरे आणि एक आकडा दिसतो. स्नेह्याच्या प्रोग्रॅमरवर मी नुसते गॅल१६व्ही८ असे निवडले होते, तीच चूक झाली होती, कारण आधी रिकामी वाटलेली चिप पहिल्या जागेची होती आणि ती आता वाचता आली.

माग बनवणाऱ्या कंपनीकडे विचारणा केली, परंतु या मॉडेलची कार्डे आणि फाइली आता मिळणार नाहीत असे उत्तर आले. आता दुसऱ्या चिपेचे काय करावे?

मागवाले इचलकरंजी

आमच्याकडे असा प्रसंग दोनदा आला आहे, म्हणून लिहितो. कुलूप फोडण्याच्या मागे लागू नका, त्याची गरजही नाही. चांगली चिप हातात आहे, तर ती बाहेरून काय वागते ते पूर्णपणे नोंदवून घ्यावे आणि त्यावरून समीकरणे नव्याने लिहावीत.

आधी कार्डावरच्या रेषा शोधून प्रत्येक पाय कुठे जातो याचा आराखडा कागदावर काढावा. पिन १० ग्राउंड आणि २० पाच व्होल्ट. १ ते ९ आणि ११ हे इनपुट असू शकतात, १२ ते १९ हे आउटपुट किंवा इनपुट म्हणून वापरलेले पाय. पिन १ कार्डाच्या क्लॉकला आणि ११ ग्राउंडला जोडलेली दिसली तर आत फ्लिपफ्लॉप (क्लॉकच्या ठोक्याला स्थिती लक्षात ठेवणारे भाग) वापरले असण्याची शक्यता मोठी, आणि मग काम बरेच अवघड होते. तसे नसेल तर चिप निव्वळ संयोगी तर्काची (फक्त त्या क्षणीच्या इनपुटांवर आउटपुट ठरणारी) आहे असे धरून सुरुवात करावी.

नंतर चिप ब्रेडबोर्डवर घेऊन ५ व्होल्टवर चालणाऱ्या आर्डुइनो मेगाला जोडावी. १२ ते १९ या पिनांना थेट जोडू नये, प्रत्येकाला ४.७ किलोओहमच्या रोधातून जोडावे. रोधातून एकदा वर आणि एकदा खाली ओढून पाहावे. पिन आपल्या मागे आली तर ती त्या क्षणी इनपुट किंवा मोकळी आहे, आणि जागची हलली नाही तर आउटपुट. १० किलोओहम वापरू नये, कारण गॅलच्या आतला ऊर्ध्व ओढ देणारा प्रवाह पिनला खालच्या पातळीपर्यंत येऊ देत नाही आणि चुकीची नोंद होते. आमचा एक संपूर्ण दिवस त्यातच गेला होता.

१० इनपुट असतील तर १०२४ जोड्या होतात, ११ असतील तर २०४८, आणि यंत्राला त्या फिरवायला क्षणभर लागतो. हा तक्ता चढत्या क्रमाने, उतरत्या क्रमाने आणि मग सरमिसळ क्रमाने असा तीनदा नोंदवावा, ही माझी सर्वांत महत्त्वाची सूचना. तिन्ही नोंदी जुळल्या तर चिपेला स्मृती नाही. एखाद्या आउटपुटचे उत्तर आधी काय होते यावर बदलत असेल, तर आत आउटपुट स्वतःकडेच परत नेऊन लॅच (एकदा लागलेली स्थिती धरून ठेवणारी रचना) तयार केलेला आहे. मागाच्या थांब्याच्या साखळीत असा लॅच ठेवण्याची पद्धत जुन्या डिझाइनमध्ये सर्रास आढळते. तो ध्यानात आला नाही तर माग चालेल, पण धागा तुटल्यावर थांबणार नाही.

तक्ता मिळाला की तो लहान करून समीकरणे काढावीत आणि विनक्युपल या सॉफ्टवेअरमध्ये लिहावीत. मायक्रोचिप ते विनामूल्य देते. एका आउटपुटला साध्या रचनेत जास्तीत जास्त ८ गुणक पदे (‘आणि’ने जोडलेले इनपुटांचे गट) मिळतात, आउटपुट चालू-बंद करण्याची सोय असलेल्या रचनेत ७. या दुसऱ्या रचनेत पिन १२ आणि १९ इनपुट म्हणून वापरता येत नाहीत हेही पाहावे. आपली समीकरणे या मर्यादेत बसत नसतील तर कुठेतरी चुकले आहे असे समजा, कारण मूळ चिप तर त्यात बसली होती. शेवटी आपल्या तक्त्यातल्या ओळी चाचणी म्हणून जेडेक फाइलमध्येच घालाव्यात, म्हणजे प्रोग्रॅमर लिहून झाल्यावर प्रत्येक चिप त्या ओळींवर तपासून देतो.

गोकुळ शिरगाव पॅनेल

नव्या इंटरलॉक कार्डाच्या प्रश्नावर मी लिहितो, कारण आमचे कामच ते आहे. सीपीएलडी कार्डावर बसवल्यानंतरच प्रोग्रॅम करावी. सॉकेटमध्ये प्रोग्रॅम करून मग सोल्डर केलेल्या चिपेत बदल करायचा झाला की ती पुन्हा उपटावी लागते, आणि ४४ पायांच्या पीएलसीसी आकाराच्या चिपेचे सॉकेट मागाच्या धक्क्यांनी सैल होते हे आम्ही अनुभवले आहे.

कार्डावर प्रोग्रॅम करण्याची वाट म्हणजे जेटॅग. मुळात १९९० साली हे मानक सोल्डर केलेली कार्डे तपासण्यासाठी तयार झाले, प्रोग्रॅमिंगचा उपयोग नंतर आला. टीसीके, टीएमएस, टीडीआय आणि टीडीओ अशा चारच तारा लागतात, शिवाय ग्राउंड आणि कार्डाचा संदर्भ व्होल्टेज. वाढीव व्होल्टेज चिप स्वतःच्या आत तयार करते, त्यामुळे शेजाऱ्यांना धोका नसतो. कार्डावर दोन चिपा असल्या तर पहिलीचा टीडीओ दुसरीच्या टीडीआयला जोडून एकच साखळी करावी.

अडचणी बहुतेक वेळा सॉफ्टवेअरमध्ये नसतात, तारांमध्ये असतात. टीसीकेची तार लांब आणि मोकळी ठेवली की कडा थरथरतात, चिप एका ठोक्याचे दोन मोजते आणि प्रोग्रॅमिंग कधी होते, कधी होत नाही. तार वितभरापेक्षा लांब नको, टीसीकेजवळ ग्राउंडची तार हवी, टीएमएसला वर ओढणारा आणि टीसीकेला खाली ओढणारा रोध हवा. पहिल्यांदा काहीही लिहू नये. ३२ बिटांचा ओळख क्रमांक दहा वेळा वाचून पाहावा आणि दहाही वेळा बरोबर आला तरच पुढे जावे. एकदा जरी चुकला तर टीसीकेचा वेग कमी करावा.

चिपेची निवड करताना व्होल्टेज आधी पाहा. आपल्या मागाचे जुने कार्ड ५ व्होल्टचे आहे. मॅक्स टू मालिकेतली ईपीएम२४० स्वस्त बोर्डांवर मिळते आणि पुष्कळ जण ती सुचवतील, पण ती ३.३ व्होल्टची आहे, ५ व्होल्ट थेट सहन करत नाही, आणि तिला पुसून लिहिण्याची हमी १०० वेळांचीच आहे. झायलिंक्सची एक्ससी९५७२एक्सएल ३.३ व्होल्टवर चालूनही इनपुटला ५ व्होल्ट सहन करते, ७२ मॅक्रोसेल देते आणि १०,००० वेळा लिहिता येते. आम्ही ती वर्षानुवर्षे वापरली, पण आता एएमडीने ती मालिका बंद केली आहे, म्हणून नव्या कार्डासाठी घेऊ नये. पूर्ण ५ व्होल्टच्या कामाला मायक्रोचिपची एटीएफ१५०४एएस, ६४ मॅक्रोसेलची, हे माझे उत्तर आहे. तिचे पाय अल्टेराच्या ईपीएम७०६४ शी जुळतात. त्यामुळे अल्टेराच्या क्वार्टस सॉफ्टवेअरच्या जुन्या १३.० आवृत्तीत डिझाइन करून मिळालेली फाइल पॉफटूजेड या साधनाने बदलून घेता येते.

या चिपेत एक खाच आहे. जेटॅगचे चार पाय साधे पाय म्हणूनही वापरता येतात, आणि फाइल बनवताना जेटॅग चालू ठेवण्याची खूण राहून गेली तर पहिल्या प्रोग्रॅमिंगनंतर चिप जेटॅगला ओळख देणेच बंद करते. मग तिच्या एका आउटपुट-नियंत्रण पिनवर १२ व्होल्ट देऊनच ती पुन्हा उघडावी लागते. आमच्या टेबलावर अशा चार चिपा खराब समजून बाजूला ठेवल्या होत्या, आणि चारही चांगल्या निघाल्या.

कार्डांची संख्या वाढली तर प्रत्येक कामगाराला डिझाइनचे सॉफ्टवेअर देऊ नये. एसव्हीएफ फाइल बनवावी. तिच्यात जेटॅगच्या तारांवर नेमके काय पाठवायचे आणि काय परत यायला हवे ते साध्या मजकुरात लिहिलेले असते. ओपनओसीडी किंवा ओपनएफपीजीएलोडर ही साधने ती चालवून दाखवतात आणि उत्तर जुळले नाही तर तिथेच थांबतात.

शेवटचे वर्ष ईटीसी

सर, विषय जवळचा आहे म्हणून इथेच विचारतो. आमच्या प्रकल्पासाठी टँग नॅनो ९के हा एफपीजीए (सीपीएलडीपेक्षा मोठी प्रोग्रॅम करता येणारी चिप) असलेला बोर्ड घेतला आहे. संगणकावरून प्रोग्रॅम केल्यावर मोटारीचा वेग बरोबर मोजतो, पण वीज गेली आणि आली की सर्व पुसलेले असते. बोर्ड खराब आहे का?

कागलकर

नाही, बोर्ड चांगला आहे. बहुतेक एफपीजीएंमधली मांडणी एसरॅम या तात्पुरत्या स्मृतीत असते आणि एसरॅम विजेबरोबर रिकामी होते. म्हणून प्रत्येक वेळी वीज आल्यावर ती फ्लॅश या कायम टिकणाऱ्या स्मृतीतून नव्याने भरली जावी लागते. आपण आतापर्यंत थेट एसरॅममध्येच भरत होता. आपल्या बोर्डवरील गोविनच्या चिपेच्या आतच फ्लॅश आहे, तेव्हा प्रोग्रॅमरमध्ये फ्लॅशमध्ये लिहिण्याचा पर्याय निवडावा. डिझाइन बदलत असताना मात्र एसरॅमच वापरावी, कारण ती लवकर भरते आणि फ्लॅशची झीज होत नाही. सादरीकरणाच्या आदल्या दिवशी फ्लॅशमध्ये लिहा, वीज काढून पुन्हा द्या, आणि संगणक न जोडता बोर्ड चालतो हे डोळ्यांनी पाहून घ्या. आणखी एक गोष्ट, वेग मोजणाऱ्या सेन्सरचा आउटपुट ५ व्होल्टचा असेल तर तो या बोर्डला थेट जोडू नका.

उद्यमनगरकर

काम झाले ते कळवतो. दुसऱ्या जागेच्या चिपेला ११ इनपुट आणि ५ आउटपुट निघाले. पिन १३ आउटपुटच्या बाजूला असूनही इनपुट होती हे रोधाच्या चाचणीत समजले. चढत्या आणि उतरत्या नोंदी पाचपैकी चार आउटपुटांच्या जुळल्या, पिन १७ च्या जुळल्या नाहीत. मागवाले यांनी सांगितले नसते तर मी फक्त चढत्या क्रमाने नोंद करून समाधान मानले असते. कार्डावर शोधले तेव्हा पिन १७ थेट थांब्याच्या रिलेकडे जाते आणि तिची सुटका पुन्हा सुरू करण्याच्या बटणाने होते, म्हणजे तो लॅचच होता.

समीकरणे लिहून एटीएफ१६व्ही८बी मध्ये भरली आणि तिन्ही क्रमांनी पुन्हा नोंद केली, आता नवी चिप चांगल्या चिपेशी सर्व २०४८ ओळींत आणि लॅचच्या दोन्ही स्थितींत जुळते. मग कार्ड मागावर बसवून आधी कापडाविना, नंतर धागा हाताने तोडून वीस वेळा थांबा तपासला. प्रत्येक वेळी माग थांबला. सिक्युरिटी बिटची टिक प्रोग्रॅमरमध्ये आपोआप लागलेली होती, ती काढून लिहिले. दोन्ही फाइली, तक्ता आणि आराखडा कारखानदारांना पेनड्राइव्हवर दिला, आणि फ्यूजांची बेरीज लिहिलेली चिठ्ठी चारही कार्डांच्या पेटीत आतल्या बाजूला चिकटवली. इंटरलॉक कार्डासाठी एटीएफ१५०४एएसच्या पाच चिपा मागवल्या आहेत, आणि जेटॅगची जोडणी कार्डाच्या कडेला, पेटीचे झाकण न काढता हात पोहोचेल अशी ठेवतो आहे.